बिनघुंईची तार

कोणतीही तार माझ्या हातात द्या. मीटर लावतो, आकडा बघतो, आणि त्या तारेतून आवाज कसा येईल ते ऐकायच्या आधी सांगतो! चंद्रपूरच्या वीज केंद्रात, इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये, हे मी जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा ठणकावून सांगितलं होतं की सोबतचे लोक डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायला लागले. अडाणी माणसांना शास्त्राची भूक नसते. मला काही फरक पडला नाही, मी एकटाच जेवायचो.

हा सिद्धांत जगापुढे मांडायची संधी मला सत्याऐंशीच्या मे महिन्यात मिळाली. चामोर्शीला माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचं, वच्छलाचं, लग्न होतं. आणि लग्नाचा लाउडस्पीकर होता माझ्या साळ्याचा, लटारूचा. एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, एक माईक आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून जागोजागी जोडलेली माईकची एक लांबलचक तार, एवढ्या भांडवलावर त्याची ‘साउंड सर्व्हिस’ चालायची.

सासऱ्यांच्या घरच्या लाइटवर सेट लावला की फ्यूज उडायचा. म्हणून सेट असायचा पलीकडच्या शाळेत, भोंगे शाळेच्या आवारातल्या चिंचेवर, आणि माईकची तार तिथून गल्ली ओलांडून मांडवापर्यंत! आता एवढी लांब आणि साधी तार टाकल्यावर काय होणार? सेट लावला रे लावला की भोंग्यातून आवाज सुरू व्हायचा, घुंईऽऽऽ! सासऱ्यांच्या घराला लागूनच धानाची गिरणी आहे, दिवसभर तिचा धडधडाट चालतो. पण लटारूच्या घुंईपुढे ती गिरणीसुद्धा दबून जायची.

मी लग्नाच्या चार दिवस आधी रजा टाकून गेलो. सोबत नवा कोरा, आकडे दाखवणारा मीटर आणि नागपूरहून मुद्दाम आणलेलं जाळीच्या तारेचं बंडल. आत तार, वर जाळी, वर रबर. बाहेरची घुंई आत शिरायची सोयच नाही!

“लटारू,” मी म्हणालो, “तुझी तार मी मोजली. सांगू काय निघालं?”

“काय निघालं भाऊजी?” लटारू घाबरला. त्याला वाटलं तारेला काही रोग झाला.

“ही तार नाही, हा गुरांचा दोर आहे!”

“पन आवाज त येते न!”

“आवाज येतो, पण घुंईसकट येतो.”

“भाऊजी, घुंई पाहिजेच! घुंईबिना आवाज फिक्का लागते. भाजीत मीठ नाई टाकलं त कसं लागन?”

बघा! याला म्हणतात अज्ञान. मी तिथल्या तिथे परीक्षा घेतली. शेजारचे मुखरूभाऊ शाळेच्या पायरीवर बसवले. आधी जुन्या तारेवरून बोललो, मग नव्या तारेवरून.

“बोला मुखरूभाऊ, कोणती बरी?”

“पयली,” मुखरूभाऊ म्हणाले.

“का?”

“पयल्यात माईकवर कोनी बोलून राह्यला असं वाटते. दुसऱ्यात वाटते का तुमी घरातच बोलून राह्यले.”

“घरात बोलल्यासारखं वाटतं!” मी टाळी वाजवली. “लटारू, ऐकलंस? याहून मोठी पावती कोणती? मीटर हेच म्हणत होता!”

मुखरूभाऊंनी काहीतरी पुढे बोलायला तोंड उघडलं होतं, पण मी त्यांना बोलू दिलं नाही. तसंही लग्नघरात जावयाच्या शब्दाला नाही म्हणायची आमच्याकडे कोणाची हिंमत नसते. जावई रुसला तर त्याला मनवण्यात अख्खा दिवस जातो, आणि तोवर कढई चुलीवरून उतरवता येत नाही. सासऱ्यांनी, म्हणजे देवाजींनी, हात जोडून सांगितलं, “जवाई म्हनते तसं कर रे बा.” लटारूनं नवी तार टाकली. जुन्या तारेचे तुकडे करून त्यानं मांडवाचे बांबू बांधून घेतले. मी समाधानानं मिशीवर हात फिरवला.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. हे लग्न सहज जमलेलं नव्हतं. वच्छलाला आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि देवाजींनी ते मनाला फार लावून घेतलं होतं. हा मुलगा गडचिरोलीचा, शाळेत मास्तर, स्वभावानं गरीब. वच्छलालाही आवडलेला! अडचण एकच होती, मुलाची आई, गिरजाबाई. आमच्या सासूबाईंची इहीण. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, पण ऐकलं मात्र दिवसभर. बाई अंगणात बोलल्या की परसातल्या कोंबड्या उडायच्या. सगळ्यांनी ठरवलं होतं, लग्न लागेपर्यंत या बाईंच्या कानावर एक वाकडा शब्द पडता कामा नये.

लग्नाच्या दिवशी सकाळीच वऱ्हाड येऊन शाळेत उतरलं. चहा झाला, फराळ झाला. तिथून वाजतगाजत मांडवात यायचं, वंदना, मंगल गाथा, हार, आणि पंगत. लटारू मला म्हणाला, “भाऊजी, मी सेट लावतो अन् बर्फ आनाले जातो. तुमी मांडवातून टेस्टिंग करून घ्या.”

मी माईकजवळ खुर्ची टाकून बसलो आणि कान दिला. काहीच नाही! थोडा वेळ थांबलो. गिरणी धडधडत होती, भांडी वाजत होती, मांडवात पोरांचा गोंधळ होता. भोंगे दूर चिंचेवर, तोंड या वेळी वऱ्हाडासाठी शाळेच्या मैदानाकडे. मी माईकवर नखानं टकटक केलं, पुन्हा कान दिला. घुंई कुठेच नाही.

“विसरला!” मी जाहीर केलं. “सेट न लावताच गेला बर्फाला. माईक बंद आहे!”

वाचकहो, आता तुम्ही हसाल. पण वीस वर्षं त्या गावात माईक लागला म्हणजे घुंई, आणि घुंई नाही म्हणजे माईक बंद, असं लहान पोरालाही माहीत होतं. मी तर त्या गावचा जावई! कानाची सवय मीटरवर मोजता येत नाही, त्याला मी काय करू?

“बंद आहे न?” सासूबाई म्हणाल्या. “मंग बसते बाई इथीच. मांडवात एवढीच काय ते दाट सावली आहे.” सासूबाई अंजनाबाई माईकच्या खाली पान-सुपारीचं ताट घेऊन बसल्या. मागोमाग माझी बायको रुखमा आली. आणि गिरणीशेजारी जन्म काढलेल्या या माणसांना हळू बोलणं ठाऊकच नाही. गुपितसुद्धा हे लोक ओरडूनच सांगतात.

“आज तरी वरन घट्ट ठेवजो म्हना आचाऱ्याले,” सासूबाई सुरू झाल्या. “साक्षगंधाले त्यायच्या इथी वाढलं, ते वरन होतं का पानी होतं! मी त हात धुवाले निघाली होती!”

“अन् नवरदेवाची आत्या पाह्यली का माय?” रुखमा म्हणाली. “तिची पावडर! चेहरा पांढरा अन् मान काळी. मले वाटलं दोन बाया मांगंपुढं उभ्या आहेत!”

सगळ्या बायका हसल्या. आता अशा वेळी जावयानं गप्प बसावं काय? मी पुढे सरकलो. माझ्या दुर्दैवानं माईक नेमका माझ्या तोंडासमोर आला.

“आणि इहीणबाईंचा आवाज!” मी म्हणालो. “लटारूनं उगाच भोंगे आणले. गिरजाबाईंनाच चिंचेवर बांधायचं! तारही नको, सेटही नको, चंद्रपूरपर्यंत ऐकू गेलं असतं!”

काय हशा उसळला म्हणता! मला चढलं. मी गिरजाबाईंच्या आवाजात “पाव्हने, जेवून घ्याऽऽ” करून दाखवलं. एकदा नाही, आग्रहामुळे तीनदा.

इतक्यात देवाजी आले. “हळू बोला रे, कोनी आयकन!”

“मामाजी, माईक बंद आहे,” मी म्हणालो. “बसा.”

देवाजी बसले. सकाळपासून पाहुण्यांसमोर ताठ उभं राहून थकले होते बिचारे. त्यांनी चंची काढली, तंबाखू मळली, आणि त्यांनाही बोलायची उबळ आली. “बंद आहे न जवाई? मंग सांगतो. सोमाजी इवाई, नवरदेवाचा बाप! गावभर सांगते का बिडी सोडली म्हनून. साक्षगंधाच्या दिवशी बैलबंडीच्या मांगं बसून ओढून राह्यला होता! मले पाह्यलं तशी बिडी खिशात टाकली. खिसा जळाला न! मंग मले शप्पथ घातली, का गिरजाबाईले सांगू नोका.”

“अगं माय!” सासूबाई म्हणाल्या. “अन् तुमी आता सांगतलं!”

“इथी कोन आहे आपल्याबिगर?”

मग देवाजींनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. “पन एक आहे अंजना. पोरगी सुखी राहीन तिथी. साक्षगंधाले वच्छलेच्या हातून चहाचं तबक सांडलं, सारा चहा त्या बाईच्या नव्या लुगड्यावर. मले वाटलं, मोडलं आता हेही. पन ते बाई साऱ्यायच्या समोर मोठ्यानं बोलली, ‘मायाच धक्का लागला वो!’ तिचा धक्का नवता लागला. मी पाह्यलो. माया पोरीसाठी खोटं बोलली ते बाई. आता बोलू दे तिले जन्मभर मोठ्यानं.”

रुखमानं पदर तोंडाला लावला.

वऱ्हाड निघायची वेळ झाली. वेळ टळून गेली. शाळेकडे हालचाल नाही, बँडचा सूर नाही, काही नाही.

“काऊन येत नसन?” सासूबाईंनी विचारलं.

“आत्याबाईची पावडर बाकी असन,” रुखमा म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो, “गिरजाबाई सगळ्यांना ‘चला’ म्हणाल्या असतील. कानठळ्या बसलेले लोक कसे उठणार?”

पुन्हा हशा. तेवढ्यात मुखरूभाऊ मांडवात शिरले. धापा टाकत, डोळे विस्फारलेले, एक बोट ओठांवर आणि दुसऱ्या हाताचं बोट माईककडे.

“काय झालं मुखरूभाऊ?”

मुखरूभाऊंनी पुन्हा ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. मग दोन्ही हात कानांमागे लावून शाळेकडे दाखवलं. मला वाटलं उन्हाचा त्रास झाला. मी त्यांना दंडाला धरून माईकसमोर आणलं. “इथे सावलीत बसा आणि बोला. बंद आहे तो!”

मुखरूभाऊंचा धीर सुटला. ते सगळा जीव एकवटून ओरडले, “बंद नाई नाऽऽऽ!”

आणि नेमकी त्याच क्षणी गिरणी थांबली. पट्टा निसटला असावा. चामोर्शीत त्या क्षणी जी शांतता पसरली तशी मी जन्मात ऐकली नाही. आणि त्या शांततेत, दूर चिंचेवरून, स्वच्छ, गोड, घरात बोलल्यासारखा आवाज आला, “...नाई नाऽऽऽ!”

“अरे बाप रे!” मी म्हणालो.

“अरे बाप रे!” चिंच म्हणाली. काय सांगू तुम्हाला, एकेक अक्षर सुटं! घुंईचा लवलेश नाही!

मी झडप घालून माईकची पिन उपटली. सासूबाई ताटातल्या सुपाऱ्यांकडे बघत बसल्या. देवाजींचा चेहरा राखेसारखा झाला. मुखरूभाऊंनी मग तोंडानं सांगितलं. शाळेत लटारू सेट लावून गेला तेव्हापासून वऱ्हाडानं सगळं ऐकलं होतं, पाण्याच्या वरणापासून! वऱ्हाडातला एक जण सेट बंद करायला उठला, तर गिरजाबाईंनीच त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, “राहू दे. आयकू दे.”

दारात वच्छला उभी होती. पांढरी साडी, केसात मोगरा. तिनं कोणाला दोष दिला नाही. फक्त मला विचारलं, “भाऊजी, मोडलं का हो?”

मला वाटलं जमीन फाटावी. मीटरचा आकडा, जाळीची तार, माझा सिद्धांत, सगळं त्या गिरणीत घालून भरडावं असं वाटलं. या पोरीच्या लग्नात मी माझी हुशारी मिरवत होतो! मला तिच्याकडे बघवेना.

आणि वऱ्हाड आलं. बँड नाही, नाच नाही. सगळे पायी, गुपचूप. पुढे गिरजाबाई. मध्ये मान खाली घातलेला नवरदेव. आणि सगळ्यात मागे, एवढ्या मोठ्या अंगाचा माणूस शक्य तितका लहान होऊन चालत होता, ते सोमाजी. एक हात सदऱ्याच्या खिशावर. बहुतेक जळालेल्या.

देवाजी हात जोडून पुढे गेले. गिरजाबाई त्यांना बाजूला सारून सरळ मंचावर चढल्या.

“माईक लावा.”

मी पिन घातली.

“लागला का?”

“लागला.”

“कसं समजाव?”

“समजत नाही,” मी म्हणालो. “हीच तर या तारेची खासियत आहे.”

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी खासियत हा शब्द वापरणं सोडून दिलं. मग त्यांनी माईक हातात घेतला. बोलल्या. चिंचेवरून उत्तर आलं. कोंबड्या उडाल्या.

“जय भीम! नवरदेवाची माय बोलून राह्यली! तुमी आमच्याबद्दल काय काय बोलले ते आमी साऱ्यायनं आयकलं. आता आमी शाळेत तुमच्याबद्दल काय बोललो ते तुमी आयका! फिट्टमफाट झाली पाहिजे!”

मांडव गार पडला.

“पयलं! आमची नणंद बोलली का नवरीच्या बापाचा फेटा बांधला नाई, डोक्यावर ठेवला आहे!”

देवाजींचा हात फेट्याकडे गेला. फेटा खरंच हलला.

“दुसरं! आमचा नवरदेव सोता बोलला का तुमच्या चहात साखर आहे, पन चहा नाई! तिसरं! ते तुमचे मोठे जवाई,” बोट माझ्याकडे आलं, “आमच्याकडच्या साऱ्या बायायनं पाह्यले, अन् विचारलं का हे मिशी खरी आहे का नाटकातली!”

हसायला सुरुवात कोणी केली माहीत नाही. मला तरी वाटतं रुखमानं. स्वतःच्या नवऱ्यावर! पण मग ते हसू मांडवभर गेलं, वऱ्हाडात गेलं.

“तुमच्या घरी माईक होता, आमच्या घरी नवता, एवढाच फरक!” गिरजाबाई म्हणाल्या. “मले भोंगा बोलले, मले राग नाई. माया आवाज आहेच तसा, सासू बहिरी होती मायी! पन वरनाले पानी बोलले. ते वरन आमच्या या मानसानं केलं होतं. अंजनाबाई बरोबर बोलल्या! मी तीस वर्सापासून त्यायले तेच सांगून राह्यली!” मग त्यांनी मागे पाहिलं. “अन् सोमाजीराव, बिडीचं आपन घरी गेल्यावर पाहू.”

सोमाजी आणखी लहान झाले.

गिरजाबाई खाली उतरल्या, देवाजींसमोर उभ्या राहिल्या आणि जन्मात पहिल्यांदाच हळू बोलल्या. तेवढं माईकमध्ये गेलं नाही. पण मी जवळ होतो. त्या म्हणाल्या, “धक्का मायाच लागला होता भाऊ. तसंच समजा.” देवाजी लहान मुलासारखे रडले. वच्छला दारातच मटकन खाली बसली आणि हसू लागली, आणि माझ्या जीवात जीव आला.

“पन एक अट आहे!” बाईंचा आवाज पुन्हा मूळपदावर आला. “हा चोरटा माईक मले नाई पाहिजे! माईक चालू आहे का बंद, मानसाले समजलं पाहिजे. अजून दिवसभर लोक इथी बसतीन, बोलतीन. जुनी तार लावा!”

लटारू तोवर बर्फ घेऊन आला होता. अर्धा बर्फ त्याच्या पायजम्यावरून वाहत होता. तो मांडवाकडे बोट दाखवून म्हणाला, “जुनी तार त बांबूले बांधली. काढली त मांडव पडन.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शास्त्राच्या जोरावर काहीतरी मार्ग काढावा म्हणून मी मीटर बाहेर काढला.

“ठेवा ते खिशात,” गिरजाबाई म्हणाल्या. “घुंई तुमी काढली न? आता तुमीच करा.”

“म्हणजे?”

“तोंडानं!”

लग्नघरात जावयाचा मान मोठा असतो, पण वरमाईचा त्याहून मोठा. बौद्धाचार्यांनी वंदनेपुरती मला सूट दिली, तेवढा वेळ मी तोंड मिटून उभा होतो. बाकी शुभेच्छांची भाषणं, आहेर पुकारणं, पंगतीला बसायची सूचना, प्रत्येक वेळी माईक लागला की मी शेजारी उभा राहून, वीज केंद्राचा प्रशिक्षित इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, हात मागे बांधून, घुंईऽऽऽ! श्वास संपला की लोक सावध होऊन एकमेकांकडे बघायचे, म्हणून श्वासही चोरून घ्यावा लागायचा. पंगतीत वाढणारी माणसं मला बघून ओठ मिटायची. एकदा ठसका लागला, तर लटारूनं “सेट खराब झाला” म्हणून शाळेकडे धाव घेतली.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर मी लटारूला अधिकारानं सांगितलं, “काहीही म्हण, तार निर्दोष होती. मीटर जे म्हणाला तेच झालं.”

“बरोबर आहे भाऊजी,” लटारू नम्रपणे म्हणाला. “आवाज लय बेस आला. पंगतीतच तीन लग्नाच्या ऑर्डरी भेटल्या.”

“बघ! तारेमुळे!”

“तारीचं कोनी काही बोललं नाई.” लटारूनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. “ते विचारत होते, घुंई करनारे भाऊजी संगं येतीन का?”

मी रागानं रुखमाकडे पाहिलं. तिनं शांतपणे सांगितलं की तिन्ही तारखांना तिनं माझ्या वतीनं हो म्हटलेलं आहे.